कार्डावरची सात माणसं

"बेटात साप राह्यते बाप्पा, माणूस नाही राह्यत."

भागिरथाबाई हे म्हणाल्या तेव्हा त्यांच्या हातातलं सूप थांबलंही नाही. ज्वारी पाखडली जात होती, फोलपट उडत होतं, आणि त्यांच्यापुरता विषय संपला होता. आमच्याकडे बेट म्हणजे बांबूचं. ते नाल्याच्या काठी असतं, वारा शिरला की दमेकऱ्यासारखं कण्हतं, आणि उन्हाळ्यात त्याच्या बुडाशी साप गारव्याला येऊन पडतात. त्यांचा मुलगा देवमन त्यांना सांगत होता की आपण सगळे तीन वर्षांसाठी बेटावर राहायला जायचं. नोकरी बेटावर, सरकारी क्वार्टर बेटावर, पोरांची शाळाही बेटावर. भागिरथाबाईंनी बांबूच्या जाळीत एक पोस्ट ऑफिस उभं करून पाहिलं असावं. त्यांना ते पटलं नाही.

"माय, हे बेट वेगळं," देवमन म्हणाला. "चहूबाजूनं पानी, मधात जमीन."

"मंग त्याले बेट कायले म्हन्ते? वावरात पानी भरलं म्हना."

ही गोष्ट वाशीमजवळच्या मालेगावातली, चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यातली. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि या खिल्लाऱ्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहत होतो. मधली भिंत बांबूच्या तट्ट्याची, वरून शेणाने लिंपलेली. तिच्यातून प्रकाश येत नसे, बाकी सगळं येई.

देवमन पोस्टात क्लार्क होता. बेटाचं खूळ त्याच्या डोक्यात पाण्याने घातलं. आदल्या वर्षीच्या दुष्काळात गावात टँकर यायचा, आणि टँकर आला की माणसं एकमेकांना ओळखेनाशी व्हायची. एका सकाळी देवमन बायकोच्या जागी रांगेत उभा राहिला. बेबीताईंची कंबर धरली होती. तीन तासांनी त्याचा नंबर आला. त्याच्या पुढच्या माणसाची घागर भरली, आणि पाइपातून एक लांब उचकी बाहेर पडली. पाणी संपलं होतं. देवमन रिकामी घागर घेऊन तसाच पोस्टात गेला. तिथे भिंतीवर एक परिपत्रक महिनाभर लटकत होतं: अंदमानात काम करण्यास इच्छुक कर्मचाऱ्यांनी अर्ज करावेत. देवमनने घागर टेबलाखाली सारली आणि अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं, "तेथे चारी बाजूंनी पाणी आहे."

वरच्या साहेबांना इतकं स्वच्छ कारण कधी कुणी दिलं नसावं. वर्षभराने ऑर्डर आली. टपालाची थैली देवमननेच फोडली, त्यात स्वतःचंच रजिस्टर पत्र सापडलं, ते त्याने स्वतःला दिलं आणि पोच म्हणून स्वतःचीच सही घेतली. तोवर पाऊस होऊन गेला होता. अर्जाची आठवणसुद्धा त्याला नीट राहिली नव्हती. पण ऑर्डरीत एक ओळ होती, कुटुंबास सोबत नेता येईल, आणि ती वाचून तो पुन्हा पेटला.

एक गोष्ट त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकली. जायचं तर घरातल्या सगळ्यांनी. माय आली नाही तर तो नकार कळवणार. पगार दोन चुली पेटवण्याइतका नव्हता हे खरंच, पण त्याचं कारण दुसरं होतं. "एक मानूस गेला का घराचं काय होते ते मी पाह्यलं हाय, मास्तर," तो मला म्हणाला. महिनाअखेरपर्यंत कळवायचं होतं. म्हणजे सगळा समुद्र, जहाज आणि भारत सरकार एका बाईच्या होकारावर येऊन थांबलं होतं, आणि ती बाई ज्वारी पाखडत होती.

गावात बातमी फुटली ती मात्र वेगळ्याच रूपाने. अंदमान हा शब्द मालेगावात कुणाला फारसा ठाऊक नव्हता. काळं पाणी सगळ्यांना ठाऊक होतं. काळ्या पाण्यावर कोण जातं हेही ठाऊक होतं. सायंकाळी देवमन किराणा आणायला गेला तेव्हा दुकानदार कांतीलाल शेठ गल्ल्यावरून उठून बाहेर आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "देवमन, मनीऑर्डर होती का बचत खातं?"

"काय शेठजी?"

"सांग, सांग. आपल्यातच राहीन."

दुसऱ्या दिवशी पोस्टासमोर रांग. गावात ज्याच्या ज्याच्याकडे पासबुक होतं तो ते घेऊन आला होता. कांतीलाल शेठ आईचं, पानाबाईंचं पासबुक घेऊन सगळ्यांच्या पुढे. देवमनने एकेकाची रक्कम वाचून दाखवली. सगळ्यांची बरोबर निघाली. त्यामुळे लोकांची चिंता वाढली. पैसा नाही खाल्ला म्हणजे खूनच असणार.

"अहो, मी मागून घेतली बदली," देवमन ओरडला.

 मागून कुणीतरी म्हणालं, "काळं पानी मांगून घेतलं? मंग तं याच्या डोक्यावरच परिनाम हाय."

हे भागिरथाबाईंच्या कानावर गेलं. त्या सूप ठेवून उठल्या, पदर खोचला आणि भर बाजारात कांतीलाल शेठच्या दुकानापुढे उभ्या राहिल्या.

"काहो शेठ, माह्या लेकानं काय केलं?"

"काही नाही मावशी, लोकं म्हणतात..."

"माह्या लेकानं खून नाही केला. अर्ज केला हाय." त्यांनी सगळ्या बाजाराकडे पाहून घेतलं. "तुमच्या घरात कोनाले येते का अर्ज करता?"

त्या दिवशी देवमनला वाटलं, माय आपल्या बाजूला आली. ती आली नव्हती. ती फक्त गावाच्या विरुद्ध गेली होती.

पुढचे पंधरा दिवस मी तट्ट्याच्या अलीकडून बेटाविरुद्धचे सगळे मुद्दे ऐकले. बेबीताई निघायला केव्हाच तयार होत्या, पण सासूपुढे त्या सरळ बोलत नसत. भाकरी थापता थापता बाजूने एखादं वाक्य सोडून देत.

"आत्याबाई, तिथं नळ घरातच हाय म्हन्ते."

"कोन म्हन्ते?"

"हेच म्हन्ते."

"याचा बाप बी असाच म्हने. खंडव्याले पक्क्या घरात राहू म्हने."

मग ज्वारीचा प्रश्न निघाला. बेटावर ज्वारी नव्हती, तांदूळ होता. भागिरथाबाईंच्या मते भात हा आजारी माणसाने खायचा पदार्थ. रोज भात खायचा म्हणजे रोज आजारी पडायचं. देवमनने एक पोतं ज्वारी सोबत न्यायचं कबूल केलं. मग ती दळायची कुठे? जातं न्यायचं. देवमन म्हणाला, दगडाचं जातं जहाजावर कोण चढवू देईल, वजन किती त्याचं.

"एवढं मोठं जहाज, आन् माह्या जात्यानं बुडन?" भागिरथाबाई म्हणाल्या. "मंग मी नाही बाप्पा बसत त्यात."

दोन दिवस वाद चालला. शेवटी जात्याचा वरचा दगड न्यायचा आणि खालचा तिथे गेल्यावर पाहायचा, असं ठरलं. अर्धं जातं घेऊन समुद्र ओलांडण्याचा बेत मी त्याआधी किंवा नंतर कधी ऐकला नाही. पण त्या घरात तो सगळ्यांना शहाणपणाचा वाटला, आणि भिंतीला कान लावून बसल्यामुळे असेल, मलाही वाटला.

मग धर्माचं निघालं. "तिथं विहार हाय का?"

"बर्मा जवळच हाय, माय. तिथं तं सगळेच बौद्ध. सगळा देशच आपला."

भागिरथाबाई विचारात पडल्या. छप्पन्न साली त्यांनी धम्म घेतला तेव्हा देव टोपलीत भरून नदीत सोडले होते, आणि त्यानंतर कुणाची भीड ठेवली नव्हती. "मंग येड्या," त्या म्हणाल्या, "बर्मातच काहून नाही मांगली बदली?"

 हे म्हणताना त्या हसल्या होत्या. थोरली नात जवळ सरकून म्हणाली, "आजी, समुद्रात शिंपले असतात, पुस्तकात चित्र आहे." भागिरथाबाईंनी तिचं पुस्तक हातात घेऊन चित्र बराच वेळ पाहिलं, उलटं की सुलटं ते विचारलं, आणि शेळी कुणाकडे ठेवायची ते बोलू लागल्या. शेजारच्या लिलाबाईकडे शेळी द्यायचं ठरलं. म्हणजे होकार झाला. आमच्याकडे बायका होकार देत नाहीत, शेळीची व्यवस्था करतात.

देवमनने संमतीचं पत्र लिहायला घेतलं. बेबीताईंनी ट्रंक खाली काढली. घरात आठवडाभर एक हलका, परका वारा खेळत होता. मग देवमनला ऑर्डरीसोबतच्या सूचनांमध्ये रेशनकार्डाची ओळ सापडली. तिकडे धान्य आणि साखर मिळायची तर इकडच्या कार्डावरून नावं कमी केल्याचा दाखला लागणार होता.

"उद्या वाशीमले जातो," तो जेवताना म्हणाला. "कार्डावरून नावं कमी करून आनतो."

भागिरथाबाईंनी ताट सरकवल्याचा आवाज आला.

"जित्त्या मानसाचं नाव कमी करते?"

"माय, नुसता दाखला..."

"सोमलाची माय मेली तवा तिचं नाव कमी केलं. गोमतीबाईचा पोट्टा हिरीत पडला तवा त्याचं केलं. मी कायनं मेली?"

देवमन समजावत राहिला, आणि त्या ऐकत नव्हत्या. तट्ट्यापलीकडून मला कळत होतं की बोलणं नावाभोवती फिरतंय, पण ते नाव भागिरथाबाईंचं नाही. शेवटी त्याच म्हणाल्या, "आन् त्याचं?"

हे सांगायला हवं. त्या घरात माणसं सहा होती: भागिरथाबाई, देवमन, बेबीताई आणि तीन मुलं. कार्डावर नावं सात होती. सगळ्यात वर, कुटुंबप्रमुखाच्या जागी, पंजाबराव खिल्लारे. देवमनचा बाप. बावन्न साली तो रेल्वेच्या रुळांच्या कामावर खंडव्याकडे गेला. तिकडून एक पत्र आलं, दुसऱ्याच्या अक्षरातलं: काम बरं आहे, दिवाळीला येतो. कोणत्या दिवाळीला ते लिहिलं नव्हतं, त्यामुळे भागिरथाबाईंच्या हिशेबाने नवरा अजून खोटा ठरला नव्हता. पासष्ट साली रेशनची नावं लिहायला माणूस दारात आला आणि "घरात कोन कोन?" म्हणाला, तेव्हा त्यांनी पहिलं नाव त्याचं सांगितलं.

सरकार तेव्हापासून पंजाबरावांना साखर देत होतं. देवमन सरकारी नोकर. दर महिन्याला ती साखर घरात आली की त्याच्या कपाळावर घाम येई. भागिरथाबाई ती वेगळ्या डब्यात ठेवत. वर्षभर त्याला कुणी हात लावायचा नाही. दिवाळी होऊन गेली, भाऊबीजही गेली, की त्या डबा खाली काढत आणि चहाला द्यायला लागत. असं नऊ दिवाळ्या चाललं होतं.

"बावीस वर्षं झाली, माय."

"मी नाही मोजली. तूच मोजत बस."

"मंग काय लिव्हू? मयत लिव्हाव लागन."

"त्याले मारून मी जहाजात बसू?" आवाज चढला नाही. "तो आला आन् दाराले कुलूप दिसलं, तं?"

"लिलाबाई सांगन ना, बेटावर गेले म्हनून."

"अन् त्याले काय समजन? बांबूत पाह्यत फिरन तो."

मला तट्ट्याअलीकडे हसू आलं, आणि मग मी ते आवरलं, कारण पलीकडे कुणी हसलं नव्हतं.

"तुमी जा," भागिरथाबाई म्हणाल्या. "मी राह्यतो. दाराशी कोनी तं पाह्यजे."

"मंग कोनीच जात नाही," देवमन म्हणाला आणि ताटावरून उठला. बेबीताईंनी ट्रंक पुन्हा वर ठेवल्याचा आवाज आला. एक कडी निघालेली होती, ती बराच वेळ वाजत राहिली.

महिना संपायला दोन दिवस होते. सकाळी देवमन नकाराचं पत्र लिहीत बसला होता. भागिरथाबाई आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून बाहेर आल्या. "कार्ड घे," त्या म्हणाल्या. "मी बी येतो वाशीमले. तिथचा मानूस काय लिव्हते ते मले पाह्यचं हाय." आणि तट्ट्याकडे तोंड करून, "मास्तर, तुमी बी चला. नाही तरी ऐकूनच राह्यले."

रेशनच्या कचेरीत मदनसिंग नावाचे बाबू होते, मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचे. टेबलावर लाल शाईची दौत होती आणि कार्डांचे गठ्ठे. पंखा नव्हता, पंख्याचा हूक होता.

"तीन कारनं हायत," मदनसिंगबाबू रजिस्टर उघडून म्हणाले. "मयत, लग्न, स्थलांतर. तुमचं कोनतं?"

"स्थलांतर," देवमन म्हणाला.

"सात जन?" त्यांनी कार्ड उलगडलं. "पंजाबराव खिल्लारे. प्रमुख. कुठं हायत?"

"बाहीर गेले," भागिरथाबाई म्हणाल्या.

"कवा येतीन?"

"दिवाळीले."

"मंग त्याईचं बी नाव दाखल्यात घेतो, काय अडचन नाही."

 देवमन प्रामाणिक माणूस होता आणि प्रामाणिक माणसाला नेमक्या वेळी गप्प बसता येत नाही. "साहेब," तो म्हणाला, "ते गेले त्याले बावीस वर्षं झाली."

मदनसिंगबाबूंनी टाक खाली ठेवला. "अन् साखर?"

"ते मी दिवाळीपर्यंत ठेवतो," भागिरथाबाईंनी त्यांना समजावलं, जणू हा नियम सरकारचाच होता आणि बाबू नवे होते. "दिवाळी झाली का मंग पोट्ट्याईले देतो. वाया नाही जाऊ देत."

बाबूंनी देवमनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हसावं की नोटीस काढावी हे त्यांना ठरवता येत नव्हतं. "आजी," ते शेवटी म्हणाले, "जहाजात सहा मानसं बसतीन. दाखल्यावर सात नाही चालत. उद्या कोनी मोजलं तं पोराची नोकरी जाईन. तुमी एक तं मयत म्हना आन् सही करा. नाही तं त्याईचं वेगळं स्थलांतर लिवतो, पन कुठं गेले ते लिवा लागते. रकाना हाय."

"कुठं ते मालूम असतं," भागिरथाबाई म्हणाल्या, "तं मीच नसती का गेली?"

मागे रांगेत कुणीतरी खोकलं. देवमन खाली पाहत होता. पोस्टात चौदा वर्षं त्याने दुसऱ्यांचे पत्ते वाचले होते.

"माय, राहू दे," तो म्हणाला. "चाल घरी. नाही जात आपन."

भागिरथाबाई हलल्या नाहीत. त्यांनी टेबलावर वाकून कार्डावर बोट ठेवलं, सगळ्यात वरच्या ओळीवर.

"बाबू, हे कार्ड कोनाचं हाय?"

"प्रमुखाचं. पंजाबराव खिल्लारे."

"मंग जाते कोन? तो का आमी?"

"तुमी."

"त्याचं कार्ड त्याले राहू द्या मंग. आमची सहा नावं कमी करा."

"माय, तुह्यं बी?"

"माह्यं पह्यलं."

मदनसिंगबाबू खुर्चीत मागे टेकले. "आमच्या तांड्यावर," ते सावकाश म्हणाले, "दिवाळी झाली का अर्धी घरं ऊसतोडीले जाते. घरात एक म्हातारी नाही तं एक नाव राह्यते." त्यांनी टाक उचलला. "नाव राहीन, आजी. पन साखर बंद कराव लागन. तसा शेरा मारतो."

"मारा. नाही तरी त्याले गोड कमीच लागे."

बाबूंनी पट्टी घेतली. भागिरथाबाईंनी प्रत्येक नाव मोठ्याने वाचायला लावलं, आणि वाचल्यावरच रेघ मारू दिली. भागिरथाबाई, रेघ. देवमन, रेघ. बेबी, रेघ. मग पोरं. सहा लाल रेघा झाल्या. त्यांच्या वर पंजाबराव कोरे राहिले, आणि त्यांच्या नावासमोर बारीक अक्षरात 'साखर बंद'. दाखला देवमनच्या हातात आला. तो त्याने दोन्ही हातांनी धरला.

भागिरथाबाईंनी सही केली. त्या विहारातल्या वर्गात सही शिकल्या होत्या; प्रत्येक अक्षराला थांबत, आणि अक्षर संपलं की त्याच्याकडे एकदा पाहून घेत.

"आता हे कार्ड कोनाजवळ ठेवान, आजी?" मदनसिंगबाबूंनी विचारलं. "घराले तं कुलूप राहीन."

त्यांनी टेबलावरून कार्ड उचललं, लाल शाई ओली होती म्हणून तिच्यावर दोनदा फुंकर घातली, उगीच कुठे डाग पडू नये अशी बेताने घडी घातली आणि ते कनवटीला खोचलं. दारात रांग दाटली होती. ती बाजूला झाली, आणि भागिरथाबाई "माह्याजवळच, जहाजात बी," असं म्हणून कुणाकडे न पाहता बाहेर निघून गेल्या.